झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. घरचे उणे चव्हाट्यावर मांडू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते आणि ती सर्वस्वी चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ओळखीच्या एका घरात अलीकडे जो प्रश्न उभा राहिला, त्याने आम्हांला या म्हणीचा पुन्हा विचार करायला लावले.

त्या घरातील मुलगी विद्यापीठात शिकते. तिच्या विभागाने परदेशातील एका विद्यापीठाबरोबर इंटरनेटवरून सांस्कृतिक देवाणघेवाणीचा उपक्रम सुरू केला आणि तिने त्यात नाव दिले. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. नाताळचा फराळ, लग्नातला बॅण्ड, आजीचे लाल लुगडे, सगळ्याचे फोटो गेले. मग पलीकडच्या मुलीने सहज विचारले, ‘भारतातील जातींविषयी आम्ही वाचले आहे. तुम्ही तर ख्रिस्ती. मग तुमच्यात जात नसेलच ना?’ आपल्या मुलीने संगणक बंद केला आणि बाहेर येऊन वडिलांना विचारले, काय लिहू? वडील म्हणाले, “बाय, आपल्या घरचं त्यांना कशाला? नाही म्हणून लिही आणि मोकळी हो.”

अशा उपक्रमांना आता बरीच वर्षे झाली. त्यांतला एक जुना आणि गाजलेला म्हणजे ‘कुल्तुरा’. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फ्रेंच शिकवणाऱ्या गिल्बर्त फुर्स्टेनबर्ग यांनी १९९७ साली सहकाऱ्यांबरोबर तो सुरू केला. पद्धत साधी होती. अमेरिकेतील आणि फ्रान्समधील विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली द्यायची. चांगला शेजारी कोणाला म्हणाल? दुकानात एखादी आई मुलाला चापट मारताना दिसली तर तुम्ही काय कराल? मग दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी मांडायची आणि मुलांनी एकमेकांना विचारायचे, तुम्ही असे का लिहिले? ‘व्यक्तिवाद’ या शब्दापुढे अमेरिकन मुले स्वातंत्र्य, स्वावलंबन असे शब्द लिहीत, तर फ्रेंच मुले स्वार्थ, एकटेपणा. शब्द एकच, पण एकाला तो सद्गुण वाटतो आणि दुसऱ्याला दोष.

त्या उपक्रमातला एक नियम आम्हांला विशेष आवडला. चर्चेत प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचे. परकी भाषा शिकायला आलेल्या मुलांना असे सांगणे विचित्र वाटेल, पण मनातले नेमके आणि खरे आपल्याच भाषेत उतरते. पेंटेकॉस्टच्या दिवशीही लोकांनी आपापली भाषा सोडली नाही, प्रत्येकाला ते बोल स्वतःच्या भाषेत ऐकू आले. आपल्या मुलांना मात्र हे सुख सहसा मिळत नाही. त्यांना इंग्रजीत लिहावे लागते, आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीत मुलाखतीला बसल्यासारखी गोड, गुळगुळीत उत्तरेच आधी सुचतात.

तर मग त्या मुलीने काय लिहायचे होते? वडिलांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे. एका मुलीचे उत्तर वाचून पलीकडचे लोक साऱ्या देशाविषयी मत बनवतात. आधीच आपण संख्येने थोडे. शिवाय स्वतःच्या माणसांची नालस्ती करून परक्यांकडून शाबासकी मिळवणारेही आपण पाहिले आहेत. तो मोह खोटे बोलण्याइतकाच वाईट.

पण ‘नाही’ हे उत्तर खरे नव्हते. भारताच्या कॅथोलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे हे कबूल केले. आपल्या धर्माध्यक्षांनी जे लेखी मान्य केले, ते एका विद्यार्थिनीने का लपवावे? आणि आपल्या घरी सोयरीक आली की देवळातली ओळख पुरते का, याचे उत्तर आपल्याला कोणत्याही धोरणाशिवाय ठाऊक आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात नव्या माध्यमांतून होणाऱ्या मैत्रीचे स्वागत केले, पण संवादाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी सत्याचा शोध हवा असेही सांगितले. फराळाच्या फोटोंना आमची हरकत नाही, पण तेवढ्यावर सत्याचा शोध भागत नाही.

विहिरीवरची ती शोमरोनी बाई आठवते. तिच्याशी बोलणारा परका होता, परजातीचा होता. तिने अर्धेच सांगितले, मला नवरा नाही. प्रभूने त्या अर्ध्या सत्याचीही कदर केली आणि उरलेले स्वतः बोलून दाखवले. पण आधी त्याने तिच्याकडे पाणी मागितले होते, हे आपण विसरतो. तो तिची झडती घ्यायला आलेला नव्हता, तहानलेला होता. पलीकडच्या मुलीने जातीबद्दल विचारले ते आपल्याला हिणवायला, की खरोखर समजून घ्यायला? आम्हांला वाटते, हे आधी ओळखावे. समजून घ्यायला विचारणाऱ्यापुढे मूठ उघडायला हरकत नाही. मग त्यांच्या चर्चमध्ये कोण कोणाशेजारी बसत नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही मिळतो.

मुलीने दोन दिवस घेतले. मग लिहिले की होय, आमच्यात जात आहे, वेदीपुढे दिसत नाही, पण लग्न ठरवताना दिसते, आणि मला ते पटत नाही. पाठवण्याआधी तिने ते मराठीत वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते.

“आपल्या घरच्या कोणाचं नाव घातलं नाहीस ना?”

“नाही पप्पा. ‘आम्ही’ असंच लिहिलंय.”