बांधापलीकडची दोन एकर

गोष्ट ताडकळसची. माणसं मी रचलेली आहेत, कायदा खरा आहे.

आबा गेले आणि त्यांच्या पेटीत एक ताव सापडला. गावातली जुनी माणसं अजून ज्याला वसीयतनामा म्हणतात, ते मृत्युपत्र. स्टॅम्पपेपर नव्हता, पूर्ण्याच्या दुय्यम निबंधकाकडं नोंदही नव्हती. पण खाली आबांची सही होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला तेवढं पुरतं.

वाडवडिलांच्या जमिनीला आबांनी कागदात हात लावला नव्हता. स्वतः घेतलेली दोन एकर विकावी, देणी फेडावी आणि उरलेली रक्कम विधवा लेकीच्या पोरीसाठी राखून ती १८ वर्षांची झाली की तिच्या हाती द्यावी. बँकेतली ठेव तिन्ही लेकरांना सारखी. हे सगळं करायचं कुणी? गुरुजींनी. कोर्टात ज्याला एक्झिक्युटर म्हणतात, त्या जागी आबांनी शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या शेजाऱ्याचं नाव लिहिलं होतं. गुरुजींना मान वाटला, त्यांनी हो म्हटलं. नको म्हणायची मुभा होती ती तेव्हाच.

गुरुजींनी दोनशे पानी वही आणली आणि देणी मांडली. अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च आधी. मग सालगड्याचं तीन महिन्यांचं येणं. मग कृषी सेवा केंद्राची उधारी. वारसांची पाळी शेवटी.

मोठा मुलगा म्हणाला, "सालगड्याला पाडव्याला देऊ की गुरुजी. पळून चाललाय का तो?"

"मजुराचं नाव कायद्यात उधारीवाल्यांच्या आधी आहे."

(इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानं सालगड्याची एवढी आठवण ठेवली असेल, असं मलाही वाटलं नव्हतं.)

जमीन विकली जाईपर्यंत पैसे ठेवीतूनच काढावे लागणार होते आणि तिथं नॉमिनी मोठा मुलगा. "माझं नाव आहे, पैसा माझा," तो म्हणाला. गुरुजींनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बोट दाखवलं. "हे सुरू करणारे जयंत साळगावकर. त्यांच्या मागं त्यांच्याच घरचा हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला. नॉमिनी पैसा ताब्यात घेतो, मालक होत नाही. तिथं शेअर आणि म्युच्युअल फंड होते, पण बँकेच्या ठेवीलाही नियम तोच." मुलगा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, पण दुसऱ्या दिवशी बँकेत आला.

इथवर सोपं होतं. दुसऱ्याच्या लेकराला नियम सांगायला काही लागत नाही.

त्या दोन एकराचा बांध गुरुजींच्या शेताला लागून होता. काळी, खोल जमीन. आबा हयात असताना गुरुजींनी ती दोनदा मागितली होती, आबांनी दोन्ही वेळा हसून विषय बदलला होता. आता गुरुजींचा मुलगा म्हणाला, "अण्णा, आपणच घेऊ. बाजारभावानं घेऊ, रुपया कमी नाही. दुसऱ्याच्या घशात कामून घालायलाव?"

"मला घेता येत नाही."

"माझ्या नावानं घ्या."

"प्रत्यक्ष काय अन् अप्रत्यक्ष काय, कायद्यानं दोन्ही धरलंय. उद्या कुणी कोर्टात गेलं तर खरेदी रद्द होईल."

"कोण जातंय? दोघं भाऊ हो म्हणायलेत. ताई तर म्हणाली, गुरुजींनीच घ्यावी."

"जिचा पैसा आहे, तिनं हो म्हटलं नाही."

"ती नऊ वर्षांची हाय!"

"म्हणूनच. विकणारा मी, घेणारा तू. भाव बरोबर आहे हे तिच्या बाजूनं कोण बोलणार?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तर मग सोडून द्या ते काम."

"ठेव काढली, देणी दिली. आता अर्ध्यातून उठता येत नाही."

गुरुजींनी मोंढ्यात, पारावर, आजूबाजूच्या गावांत सांगून ठेवलं. चार गिऱ्हाइकं आली. जमीन फुलकळसच्या एका शेतकऱ्यानं घेतली. बोधकथेत इथं भाव चढा यायला हवा. तसं झालं नाही. मुलानं बोललेलाच भाव आला, वर रुपया नाही. त्या खरिपात मुलगा बापाशी कामापुरतंच बोलला. नव्या मालकाची सोयाबीन यंदा गुरुजींच्या सोयाबीनपेक्षा चांगली आली, तेही त्यांना रोज बांधावरून बघावं लागलं.

उरलेली रक्कम शेकडा दोन रुपयांनी फिरवून देतो म्हणणारे दोघं घरी येऊन गेले. गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि पैसे पोरीच्या नावे बँकेत मुदतीनं ठेवले. नॉमिनीच्या रकान्यात काय लिहायचं, हे मात्र त्यांनी तिच्या आईला तीनदा समजावून सांगितलं.

दर पाडव्याला गुरुजी वही घेऊन आबांच्या घरी जातात आणि जमा-खर्च मोठ्यानं वाचतात. आई ऐकते, सही करते. पोरगी शेजारी बसून आकडे तपासते. मागच्या पाडव्याला तिनं व्याजाच्या बेरजेत ११ रुपयांची चूक काढली. तिला १८ पूर्ण व्हायला अजून सात वर्षं आहेत.