अभावाचें फळ

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत दान, सत्य, शौर्य यांची चर्चा विपुल आढळते. परंतु वस्तूंची निगा राखणें हा सद्गुण आहे कीं केवळ व्यवहारचातुर्य, हा प्रश्न तेथें क्वचितच उपस्थित होतो. निगा म्हणजे गड्याचें किंवा मिस्त्रीचें काम, अशी आम्हां पांढरपेशांची समजूत हें त्याचें एक कारण असावें. होडीच्या पाठीमागें लावावयाच्या लहान इंजिनाच्या आधारें आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहों. उदाहरण या पृष्ठांस अपरिचित खरें. पण खाडींत बंद पडलेलें इंजिन जितक्या स्पष्टपणें जाब विचारतें, तितक्या स्पष्टपणें पुस्तकांतील दृष्टान्त विचारीत नाहींत.

ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराच्या अशा इंजिनांची विक्री १९०९ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी येथें सुरू झाली. आज कोंकणच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांनाही तसलीं इंजिनें दिसतात. ज्या खाऱ्या पाण्यांतून तें चालतें, तेंच पाणी आंत ओढून तें स्वतःस थंड ठेवतें. पाणी ओढणारें चक्र रबरी पाकळ्यांचें असतें, आणि बाहेर पडणारी बारीक धार जोरदार असली म्हणजे तें नीट चाललें आहे असें समजावें. दिवसाचें काम संपल्यावर गोडें पाणी आंतून खेळविलें नाहीं, तर मीठ आंतल्या वाटांत सांचत जातें. एक दिवस न खेळविल्यानें कांहींच बिघडत नाहीं. खरी अडचण हीच आहे! आळसाची शिक्षा त्या दिवशीं मिळत नाहीं, महिन्यांनीं मिळते. आणि पुष्कळदां ती आळस करणाऱ्यास मिळतच नाहीं. सायंकाळीं इंजिन उतरवून ठेवणारा एक, पहाटे तें घेऊन जाणारा दुसरा.

उत्तरकालीन वैशेषिकांनीं 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला. निगेचें फळ त्याच जातीचें आहे: जो अपघात घडला नाहीं, तो. तें कोणास दिसत नाहीं, त्याबद्दल कोणी आभार मानीत नाहीं. यावरून कित्येक यास निष्काम कर्म म्हणतील. आम्हांस तें मान्य नाहीं. इंजिन धुणाऱ्यास फळाची इच्छा असतेच. माणसें सुखरूप परत यावीं, हीच ती इच्छा. त्यास सोडावें लागतें तें श्रेय. फळ आणि श्रेय यांची गल्लत आम्ही व्याख्यानांतून इतकी केली आहे, कीं भेद सांगितला तरी नवल वाटतें.

कित्येक लहान इंजिनांत पंख्याच्या दांड्याला मऊ धातूची एक खीळ असते. पंखा खडकावर आपटला कीं ती तुटते आणि आंतील दांतेरी चाकें वाचतात. जस्ताचा एक तुकडाही असाच स्वतः झिजून बाकीच्या धातूस वांचवितो. यांत आत्मत्यागाचा आदर्श पाहणारे वक्ते आम्हांस ठाऊक आहेत. पण खिळीस इच्छा नाहीं, मग तिचा त्याग कसला? जो जास्तीची खीळ डब्यांत ठेवतो, जस्तावर रंग फांसूं देत नाहीं, त्याच्याबद्दल मात्र नीतीच्या भाषेंत बोलतां येईल.

बिघाड शोधण्यांतही सचोटी लागते. टाकीच्या झांकणावर हवेसाठीं लहानसा स्क्रू असतो; तो बंद राहिला तर इंजिन थोडा वेळ चालून थांबतें. तेव्हां एक जण प्लग बदलतो, दुसरा पेट्रोल आहे कीं नाहीं हें पाहण्यास झांकण उघडतो. हवा आंत शिरते, इंजिन चालूं होतें, आणि यश जातें नव्या प्लगास! आपल्याकडे यास काकतालीय न्याय म्हणतात. उपाय अन्वयव्यतिरेकाचा: जुना प्लग पुन्हा लावून पाहावा. तरीही इंजिन चाललें, तर दोष त्याचा नव्हता. परंतु चालूं झालेलें इंजिन पुन्हा बंद करून हें पाहण्याची इच्छा फार थोड्यांस होते. किनाऱ्यावर हें पांच मिनिटांचें काम आहे. ओहोटीच्या ओढींत, तीन माणसें होडींत बसलीं असतां, तें करण्यास ना वेळ असतो, ना कोरडे हात.