कामगाराने गप्प कुठे बसायचे?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कुरुळी आणि सावरदरी या दोन गावांचे पत्ते गेल्या काही वर्षांत दिवाळखोरीच्या कागदपत्रांवर आले. कुरुळीत मेटॅलिस्ट फोर्जिंग्ज, म्हणजे पूर्वीची अहमदनगर फोर्जिंग्ज. डिसेंबर २०१७ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सावरदरीला नोंदणीकृत कार्यालय असलेली प्रीमियर, जिच्या पद्मिनीने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला चेहरा दिला, ती जानेवारी २०२१ मध्ये त्याच वाटेने गेली. 'कंपनी एनसीएलटीत गेली' एवढे वाक्य या भागात आता चहाच्या टपरीवरही कळते. पण त्यानंतर कामगाराच्या वाट्याला नेमके काय येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एका इंग्रजी आणि एका मराठी वृत्तपत्रात बारीक अक्षरांतली जाहीर सूचना येते. थकलेले वेतन कामगाराने नमुना 'डी' भरून मागायचे, सगळ्यांच्या वतीने एकाने मागायचे तर नमुना 'ई'. कामगार न्यायालयात वसुलीचा दावा चालू असेल, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ मधल्या स्थगितीने तो आहे तिथे थांबतो. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण; त्याचे खंडपीठ मुंबईत. आणि कंपनी विकायची, चालवायची की मोडीत काढायची, हे ठरवते धनकोंची समिती. तिथे मते असतात ती कर्ज देणाऱ्या बँकांची आणि वित्तसंस्थांची. कामगाराचा थकलेला पगार हे कायद्याच्या लेखी केवळ कामकाजातून निर्माण झालेले देणे. तशा सगळ्या देण्यांची बेरीज एकूण कर्जाच्या किमान १० टक्के भरली, तर त्यांच्या प्रतिनिधीला समितीच्या बैठकीत बसता येते. तो बसतो, ऐकतो, पण मत देऊ शकत नाही.

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीतला नागरिकही असाच बसतो. त्याने टाळी वाजवायची नाही, घोषणा द्यायची नाही, कागद भिरकवायचा नाही. पत्रके टाकली किंवा घोषणा दिल्या म्हणून सभागृहाने प्रेक्षकांना कैद सुनावल्याची उदाहरणे आहेत. तिथे हा नियम मला मान्य आहे, कारण त्या नागरिकाने निवडून दिलेला माणूस खाली बाकावर बसलेला असतो. नागरिकाने गप्प राहायचे ते आपला माणूस बोलणार आहे आणि कायदा करण्याआधी आपले ऐकले गेले आहे, या भरवशावर. तो भरवसा पाळला असेल तरच सभागृहाला त्या शांततेवर हक्क सांगता येतो. दिवाळखोरी कायद्याच्या दहा वर्षांत हा भरवसा एकदा पाळला गेला आणि पुढे अनेकदा पाळला गेला नाही.

पाळला गेला तो प्रसंग आधी, कारण रस्त्यावरच्या आंदोलनावर ज्यांचा सगळा विश्वास आहे त्यांनी तो विसरता कामा नये. दिवाळखोरी कायद्याचा मसुदा करणाऱ्या टी. के. विश्वनाथन समितीच्या अहवालानंतर २१ डिसेंबर २०१५ रोजी संहितेचे विधेयक लोकसभेत आले आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले. कंपनी मोडीत निघाली की पैसे कोणाला कोणत्या क्रमाने मिळणार, हे सांगणारे कलम ५३ हा या कायद्याचा गाभा. मूळ मसुद्यात कामगारांची मागच्या १२ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरली होती. समितीने ती मुदत २४ महिने केली. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली कामगारांची रक्कम मोडीत निघालेल्या मालमत्तेत धरायची नाही, हेही पक्के झाले. एप्रिल २०१६ च्या अखेरीस अहवाल आला, ५ मे रोजी लोकसभेने आणि ११ मे रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले. समितीच्या खोलीत कोणी मुठी उगारल्या नव्हत्या. कलमाशेजारी कलम ठेवून कोणीतरी 'बारा'चे 'चोवीस' करून घेतले, आणि त्या एका आकड्यावर आज देशभरातल्या बंद कारखान्यांतल्या माणसांचे एका वर्षाचे पगार अवलंबून आहेत. पाच-पाच वर्षे रखडलेल्या थकबाकीपुढे दोन वर्षे कमीच आहेत, तरी एकाच्या दुप्पट.

सभागृह आणि कामगार यांच्या नात्याचा एक मोठा संदर्भ चाकणच्या अगदी शेजारी आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याचे मुख्य गाव आज हुतात्मा शिवराम राजगुरूंच्या नावाने ओळखले जाते. ज्या भगतसिंगांबरोबर २३ मार्च १९३१ रोजी ते फासावर गेले, त्या भगतसिंगांनी आणि बटुकेश्वर दत्तांनी ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब आणि पत्रके टाकली. त्या दिवशी सभागृहापुढे कोणते विधेयक होते, हे आपण क्वचितच आठवतो. ते होते औद्योगिक विवाद विधेयक, संपांवर बंधने आणणारे. बहिऱ्या कानांपर्यंत पोचायचे तर आवाज मोठा हवा, असे त्या पत्रकांचे म्हणणे होते. ते सभागृह परक्या सत्तेचे होते आणि अगदी थोड्यांनाच तिथे मताचा अधिकार होता. त्या गॅलरीतल्या माणसाने शांततेचे कोणतेही वचन दिलेले नव्हते. ते विधेयक मात्र त्याच दिवशी संमत झाले आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापर्यंत टिकले. त्या स्फोटाने देश हलला, विधेयकातले कलम मात्र हलले नाही.

मला यापेक्षा जवळचे वाटते ते १९३८ चे मुंबई विधिमंडळ. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक विवादांचे नवे विधेयक आणले, त्यातही संपावर दंडाची तरतूद होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभागृहात होते. त्यांनी सप्टेंबरमध्ये सभागृहात उभे राहून जी मांडणी केली ती कायद्याच्या अंगाने होती: काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, तो गुन्हा नव्हे, आणि त्याला शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, म्हणजे गुलामी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव आहे, हा त्या भाषणाचा कणा. मग ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी कम्युनिस्टांसह मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. कायदा झालाच. पण एकाच माणसाने आत सभागृहाचे सारे संकेत पाळून मुद्दा नोंदवला आणि बाहेर गिरण्या बंद पाडल्या. संपाची गर्दी दिवसभराची होती, पण कामकाजात नोंदले गेलेले भाषण आजही वकील आणि कामगार कार्यकर्ते काढून वाचतात. पुढच्या लढाईला दारूगोळा लागतो तो तिथून मिळतो.

अमेरिकेत १९८४ साली सभागृहातली अशीच लढाई झाली आणि कामगार ती जिंकलेही. दिवाळखोरीत गेलेली कंपनी कामगार संघटनेशी केलेला करार एकतर्फी मोडू शकते, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'बिल्डिस्को' खटल्यात फेब्रुवारीत दिला. संघटनांनी संसदेकडे धाव घेतली आणि जुलैत दिवाळखोरी कायद्यात कलम १११३ आले. करार मोडायचा असेल तर कंपनीने आधी संघटनेपुढे प्रस्ताव ठेवायचा, हिशेब उघडे करायचे आणि न्यायालयाला पटवायचे. आपल्या संहितेत असे एकही कलम नाही.

आता भरवसा मोडल्याचे प्रसंग. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी लागणारी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी रुपये करण्यात आली. हेतू लहान उद्योगांना वाचवण्याचा होता आणि तो खोटा नव्हता. पण भोसरी, तळवडे, कुदळवाडीतला जॉबवर्क करणारा लघुउद्योजक जसा देणेदार असतो, तसा मोठ्या कंपनीकडे बिले अडकलेला घेणेकरीही असतो. त्याचे १८ लाख अडकले असतील, तर मोठ्या कंपनीला न्यायाधिकरणापुढे उभे करण्याचे त्याच्या हातातले हत्यार त्या दिवशी गेले. हे अधिसूचनेने झाले. कायद्याने सरकारला तो अधिकार दिलेलाच होता. त्यामुळे ना चर्चा झाली, ना गॅलरी भरली, ना कोणाला घोषणा देण्याची संधी मिळाली.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला राज्यसभेत औद्योगिक संबंध संहितेसह तीन कामगार संहिता संमत झाल्या. ३०० पेक्षा कमी कामगारांचा कारखाना सरकारची परवानगी न घेता बंद करता येईल, हे त्यात ठरले. आधीची मर्यादा १०० ची होती. पिंपरी-चिंचवडच्या किती शेडमध्ये शंभर ते तीनशे माणसे राबतात, हे इथल्या कोणालाही विचारावे. त्या दिवशी सभागृह अगदी शिस्तीत होते, कारण विरोधी बाके रिकामी होती. तीन दिवसांपूर्वी शेती विधेयकांवर गदारोळ झाला, आठ सदस्य निलंबित झाले आणि विरोधकांनी बहिष्कार टाकला. सत्ताधाऱ्यांनी घाई केली, हा दोष मोठा आहेच. पण नियमपुस्तिका फाडण्यात ज्यांची ताकद खर्च झाली, त्यांनी कामगारांच्या कलमांवर बोलण्याची वेळ आली तेव्हा जागा सोडली, हेही तितकेच खरे. भांडणारे उठून गेले की सभागृह शांत होते. त्या शांततेला मी शिष्टाचार म्हणायला तयार नाही.

महाराष्ट्रातले चित्र वेगळे नाही. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या आवारात दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली आणि परिणाम म्हणून अधिवेशनकाळात सामान्य अभ्यागतांचा प्रवेश बंद झाला. मर्यादा सोडली आमदारांच्या माणसांनी, दार मिटले नागरिकासाठी. तरी कामगाराचा विचार इथे कधीच झाला नाही असे नाही: तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५८ साली बेकारी टाळण्यासाठी आजारी उद्योगांना विशेष संरक्षण देणारा कायदा केला होता. देणी तात्पुरती थोपवायची ती कामगाराचे काम वाचावे म्हणून, हा त्याचा हेतू. आजची स्थगिती मालमत्तेचे मूल्य वाचवण्यासाठी असते. दोन्हींत देणी थांबतात, पण कोणासाठी थांबतात यात सारे आले.

१२ ऑगस्ट २०२५ रोजी दिवाळखोरी संहितेच्या दुरुस्तीचे नवे विधेयक लोकसभेत आले आणि प्रवर समितीकडे गेले. मतदारयाद्यांच्या प्रश्नावरून ते अधिवेशन जवळजवळ वाहून गेले होते. त्या मसुद्यात धनको समितीला कंपनी मोडीत काढण्याच्या टप्प्यावरही देखरेखीचा अधिकार दिला होता. म्हणजे ज्या खोलीत कामगाराला मत नाही, तिचे वजन आणखी वाढते. ज्यांनी यावर ओरडायला हवे होते त्यातल्या बहुतेकांना हे विधेयक आल्याचेही कळले नाही, आणि याचा दोष एकट्या सरकारवर ढकलून चालणार नाही. पगारवाढीचा करार कलमवार वाचणाऱ्या, टक्क्याच्या दशांशासाठी रात्रभर बसणाऱ्या इथल्या संघटना याही कायद्याची कलमे गेट मीटिंगमध्ये वाचून दाखवू शकतात. थकीत वेतनासाठी कामगार संघटना स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जे. के. ज्यूट मिलच्या खटल्यात सांगितले आहे. ती वाट किती जणांना माहीत आहे?

संसदीय समित्यांनी दिल्लीबाहेर यावे. आकुर्डीत किंवा चाकणला एक दिवस बसून, दुभाषा घेऊन, मराठीत साक्षी नोंदवाव्यात. समित्या अभ्यासदौरे काढतातच, मग जिथे कायद्याचा घाव बसतो तिथे बसायला काय हरकत आहे? तसे झाले तर गॅलरीत पाळायच्या शांततेचा आग्रह मीही धरीन. तोवर रस्त्यावर उतरणाऱ्यांना सभ्यतेचे धडे देणे बंद व्हावे.

मागणी मात्र नेमकी हवी. कलम २४ मध्ये दुरुस्ती करून कामगारांच्या प्रतिनिधीला, त्यांच्या थकबाकीच्या प्रमाणात का होईना, धनको समितीत मत द्यावे. कंपनी चालू ठेवायची की मोडायची यावरच्या ठरावाआधी त्याचे लेखी म्हणणे नोंदवणे सक्तीचे करावे. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा मावळ आणि शिरूर या दोन लोकसभा मतदारसंघांत वाटला गेला आहे. दोन्ही खासदारांकडे संघटनांनी दुरुस्तीचा हा मसुदा पुढच्या अधिवेशनाआधी तयार करून द्यावा, आणि त्यांनी तो सभागृहात मांडला की नाही हे अधिवेशन संपल्यावर त्याच गेटवर, सगळ्या शिफ्टसमोर, वाचून दाखवावे.