शेवाळाचा पत्ता

‘शेवाळात कसली आलीय नवी जात? कालपर्यंत तिथंच होतं की ते!’ बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या पायऱ्या चढताना एका परिचितांनी हे वाक्य सहज टाकलं आणि ते माझ्या डोक्यात घर करून बसलं.

रिक्सिया, मर्केंशिया ही लिव्हरवर्टांची नावं शाळेत आपण सगळ्यांनीच घोकली आहेत, ती उजळणी नको. एरवी लिव्हरवर्ट म्हणजे आपल्या लेखी शेवाळच. पण त्यातलंच सायथोडियम एकदा वाकून बघा. पावसाळ्यात ऊन न लागणाऱ्या जुन्या विटांच्या भिंतीवर हा पोपटी पापुद्रा धरतो. जाडी पेशींच्या जेमतेम दोन थरांची, आणि तिरपा उजेड पडला की सोनेरी चमक. यातल्याच एका जातीला ए. आर. चव्हाण यांनी १९३७ साली बडोद्याचं नाव दिलं.

‘होतंच की’ हे खरंच आहे. पण दिसणं फुकट असतं, ताडून पाहणं महाग. बीजाणूंवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, जुनी वर्णनं धुंडाळायची, जवळच्या प्रत्येक जातीशी मेळ बसत नाही याची खात्री करायची. २०११ अखेरपर्यंत तर नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे; बिचाऱ्या शेवाळासाठी केवढा हा थाट! शेवटी मूळ नमुना पाकिटात घालून जपायचा, म्हणजे उद्या कुणाला आपलं म्हणणं खोडायचं असेल तर त्याची सोय झाली. तेव्हा जात सापडते ती कान्हेरीला नव्हे, झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी टेबलावर, असं मी त्या परिचितांना ठणकावून सांगणार होतो.

पण इथं लिव्हरवर्टच आडवे येतात. उष्ण, दमट रानातल्या पानाळ जातींच्या पेशींत तैलकण असतात. त्यांचा आकार, संख्या, रंग यांवरून जाती वेगळ्या काढतात, आणि नमुना वाळला की तेच विरून जातात. म्हणजे पाकिटात पुरावा अर्धाच उरतो. उरलेला अर्धा ताजा पाहायचा तर पुढच्या पावसात त्याच जागी जायला हवं. मग लेबलावर नुसतं ‘अंधेरी’ लिहून कसं भागेल? कुठली भिंत, कुठली बाजू, सावली किती, सगळं हवं. आणि मुलुंड-घाटकोपरात एखादी जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली, तर हर्बेरियममधलं पाकीट शाबूत राहूनही तो नमुना पुन्हा ताजा तपासायचा कुठे? याचं उत्तर माझ्या टेबलाकडे नाही.