बंदर ओलांडताना

हाँगकाँगला एकटं गेलात तर उंच इमारती नंतर पाहा. आधी चिमसाचुईच्या धक्क्यावरून स्टार फेरीत बसा. ही सेवा १८८८ मध्ये सुरू केली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. खालच्या मजल्याचं तिकीट स्वस्त, आणि इंजिनाची धडधड फुकट! बाकांची पाठ पुढे-मागे सरकते. त्यामुळे बोट न वळता परतते, तरी उतारूंचं तोंड समोरच्या किनाऱ्याकडेच राहतं. सोबत कुणी असलं की जेवायचं कुठे, यावरच निम्मा प्रवास सरतो. एकट्याला शेजारी दिसतात: पिशवीतून पालेभाजी डोकावणाऱ्या आजी, डुलकी काढणारा कारकून. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ही मंडळी कधीच नसतात. पलीकडे उतरून वाटलं, तर लगेच पुढच्या बोटीने परत फिरा. विचारायचंय कुणाला?