धव कुठून आला?

‘विधवा’ या शब्दाची फोड आपण शाळेपासून ऐकत आलो. ‘वि’ म्हणजे विना, ‘धव’ म्हणजे नवरा. जिला नवरा नाही ती विधवा. हिशेब इतका चोख, की शंकेला जागाच नाही. गंमत अशी, की ऋग्वेदात ‘विधवा’ आहे, पण नवरा या अर्थाचा सुटा ‘धव’ नाही. लॅटिनमधली ‘विदुआ’, इंग्रजीतली ‘विडो’ ही या शब्दाची दूरची भावंडे. त्यांच्यातही नवरा कुठे नाही. साऱ्यांच्या मुळाशी आहे ते विलग होणे, रिते होणे. शब्द आधीचा, कुणीतरी तो भलत्या जागी तोडला आणि उरलेल्या तुकड्यातून नवरा निघाला. मग त्याच्या जोरावर ‘सधवा’ही घडली.

ही फोड यास्काच्या ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात आहे, पण एकटी नाही. शेजारी आणखी पर्याय मांडलेले आहेत. त्याच ग्रंथात एक जुना वाद नोंदला आहे. शाकटायन या वैयाकरणाच्या मते सगळी नामे धातूंपासून आली. गार्ग्य म्हणे, सगळी नव्हेत. ‘अश्’ म्हणजे वाट व्यापणे, त्यावरून ‘अश्व’. तर मग वाट चालणारा प्रत्येक जण घोडा का नाही? यास्काने कौल शाकटायनाला दिला. रूप जुळत नसेल तर अर्थाच्या अंगाने जा, पण फोड केल्यावाचून राहू नका, हा त्याचा आग्रह. वेदाचा अर्थ हरवू नये, ही त्यामागची कळकळ. पण त्या सवलतीत एक धोका होता: हवा तो अर्थ आधी ठरवून शब्द त्याच्या मापाने कापता येई.

त्या सवलतीला लगाम बसायला बराच काळ गेला. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे मांडले. पुढच्या शतकात ध्वनी कसे बदलतात याचे नियम हाती आले. मराठीच्या घडणीवर झ्यूल ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ 1920 साली आला. आता व्युत्पत्ती सुचणे पुरेसे राहिले नाही. बहिणभाषांत साक्ष हवी, ध्वनींचा हिशेब लागायला हवा. माझ्या मते खरा पालट हाच: व्युत्पत्ती चूक ठरवता येऊ लागली.

तरी मोह सुटत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी शब्दांतून जुना समाज उकरून काढण्याचे धाडस केले. त्या धाडसानेच त्यांची काही अनुमाने फार पुढे धावली. पु. ना. ओकांना तर ‘व्हॅटिकन’मध्ये ‘वाटिका’ दिसली. कानाला गोड लागले की पुरावा मागायचे भान राहत नाही.

मग खरे मूळ सापडले तर ते मानायचेच का? ‘पाखंड’ घ्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. स्वतःचा असो वा दुसऱ्याचा, सगळ्यांचा मान राखा, असे तो सांगतो. पुढे धर्मशास्त्रांत तोच शब्द वेदबाह्यांना हिणवण्यासाठी आला आणि आज पाखंडी म्हणजे ढोंगी. अशोकाच्या अर्थाने आजचा अर्थ खोटा ठरत नाही. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, म्हणून आजाऱ्याची शुश्रूषा करणारी नर्स काही चुकत नसते. मूळ हा निकाल नव्हे. पण ‘पंथ’ ते ‘ढोंग’ ही वाट पाहिली, की विचारावेसे वाटते: शब्द कुणाच्या हाती होता आणि हिणवला गेला तो कोण? आज कुणाला असे एका शब्दात उडवले जाते, तेव्हाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

घरात लहानपणी ऐकलेले एक वाक्य आठवते: “फार चिकित्सा करू नकोस.” चिकित्सा, मीमांसा, जिज्ञासा, तिन्ही इच्छादर्शक रूपे, जाणण्याची, विचार करण्याची, पुन्हा जाणण्याची इच्छा. म्हणजे मला जाणण्याची इच्छाच सोडायला सांगत होते तर! हा अर्थ माझ्या बाजूने इतका छान पडतो, की गार्ग्य आठवतो आणि मी कोश पुन्हा उघडतो.