लेझर करायचं का, हे कुणी कुणाला विचारायचं?

2025 च्या जुलैत सिकंदराबादच्या एका वंध्यत्व उपचार केंद्राचं प्रकरण बाहेर आलं. सरोगसीतून झालेलं म्हणून एका जोडप्याच्या हाती दिलेलं बाळ डीएनए चाचणीत त्यांचं निघालं नाही, मग अटका झाल्या. तेव्हापासून आपल्या सीमाभागात आयव्हीएफवर बोलायचं म्हणजे फसवणुकीवर बोलायचं, असंच झालं आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर खरा आहे का, पावती देतात का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्या गलक्यात एक गोष्ट दिसेनाशी होते. नोंदणी आहे, डॉक्टर शिकलेला आणि प्रामाणिक आहे, पावतीही मिळते, अशा ठिकाणीसुद्धा बाईवर एक अन्याय होतो, आणि तो अतिशय नम्र भाषेत होतो.

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याचं एखादं जोडपं घ्या. हुमनाबादला येऊन हमरस्ता धरायचा, मग हैदराबाद किंवा सोलापूर, नाहीतर गुलबर्गा. घरात मराठी, बाजारात कानडी आणि दखनी, दवाखान्यात तेलुगू नाहीतर इंग्रजी. निजामाच्या मुलखाची 1956 मध्ये तीन राज्यांत वाटणी झाली, तो इतिहास सर्वांना पाठ आहे. त्याचं एक साधं फलित असं, की इथल्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी बहुधा परक्या भाषेतच जावं लागतं. इंजेक्शनं झाली, बीजं काढली, प्रयोगशाळेत गर्भ वाढला. गर्भ आत सोडायच्या आदल्या दिवशी विचारणा होते : "असिस्टेड हॅचिंग करायचं का? लेझरने होतं. थोडा वेगळा चार्ज आहे. तुमची इच्छा."

या शेवटच्या दोन शब्दांबद्दल मला लिहायचं आहे.

आधी प्रकार काय ते सांगतो. गर्भाभोवती केसाहूनही पातळ असं एक पारदर्शक आवरण असतं. डॉक्टर त्याला झोना म्हणतात. एका बीजात एकच शुक्रजंतू शिरावा, सुरुवातीच्या पेशी विखरू नयेत, गर्भाने वाटेत नळीतच चिकटू नये, ही त्याची कामं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर गर्भ ते फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. प्रयोगशाळेत वाढलेल्या, गोठवलेल्या किंवा वयस्क बाईच्या बीजातून झालेल्या गर्भाला हे आवरण फोडणं जड जात असेल, म्हणून आपणच त्याला छोटी खिडकी पाडून द्यावी, ही कल्पना. जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ती मांडली. पूर्वी त्यासाठी आम्ल किंवा बारीक सुई वापरत, आता लेझर. कल्पना सुंदर आहे, आणि तिच्यात वेडगळ काही नाही.

प्रश्न उरतो तो मूल होण्याचा. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात 39 चाचण्या आणि 7,249 स्त्रिया होत्या. त्यातल्या 14 चाचण्यांत जिवंत बाळ जन्माला आलं का, हेही मोजलं होतं. निष्कर्ष असा : हॅचिंग न करता शंभरातल्या 28 जणींना बाळ होत असेल, तर ते केल्यावर 27 ते 34 जणींना होईल. म्हणजे सहा वाढतील किंवा एक कमीही होईल, आणि हे सांगणारा पुरावा कमी दर्जाचा आहे. जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण मात्र थोडं वाढण्याची शक्यता त्यात दिसली, आणि जुळी हे घरच्यांना भाग्य वाटलं तरी आईला ती जोखीम असते. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2013 ची मार्गदर्शिका याची शिफारस करत नाही. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यांच्या संस्थेनेही ते सरसकट करू नये असंच म्हटलं आहे. वारंवार अपयश आलेल्यांचा, गोठवलेल्या गर्भांचा प्रश्न पुरता मिटलेला नाही, हे मान्य. एखादा अनुभवी भ्रूणतज्ज्ञ एखाद्या गर्भाचं जाड आवरण पाहून "इथे करावं" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. जनुकीय तपासणीसाठी पेशी काढायच्या तर आवरण उघडावंच लागतं; तोही निराळा मामला.

आयव्हीएफच निसर्गाविरुद्ध आहे म्हणणारे आणि "दत्तक घ्या की" असं दुसऱ्याच्या बाईला सुचवणारे, यांना मी इथे सोडून देतो. लेझरवर कायद्याने बंदी घाला म्हणणाऱ्यांनाही. मला भिडायचं आहे ते एका सुसंस्कृत मताशी. ते मत असं : आपल्याकडे डॉक्टर फार काळ देव होता. रुग्णाला माहिती द्या, पर्याय समोर ठेवा, निवड त्याची. पुरावा धूसर आहे ना? मग तर निवड जोडप्याचीच हवी. नुकसान फारसं नाही, खर्च त्यांचा, शरीर त्यांचं.

ऐकायला हे निर्दोष वाटतं, आणि म्हणूनच ते घातक आहे.

त्या खोलीत "तुमची इच्छा" म्हणताना नेमकं काय होतं ते पाहा. जोडप्याला काहीच दिलं जात नाही. गर्भ कसा आहे, आवरण कसं आहे, हे सूक्ष्मदर्शकातून भ्रूणतज्ज्ञाने पाहिलेलं असतं, जोडप्याने नाही. 27 ते 34 हा आकडा डॉक्टरला माहीत असतो किंवा असायला हवा. ज्याच्याकडे कारणं आहेत तो गप्प बसतो, आणि ज्यांच्याकडे भीतीशिवाय काही नाही त्यांना उत्तर द्यायला सांगतो. बी घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला दुकानदार "सोबत टॉनिक देऊ का? तुमची मर्जी" म्हणतो, तेव्हा शेतकरी निदान उद्याच्या पिकावरून त्याला जाब विचारू शकतो. इथे जाब उलट्या दिशेने येतो.

चौदा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला आणि गर्भ रुजला नाही असं कळलं, तर घरात पहिला प्रश्न काय येईल हे आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला विचारा. "डॉक्टर विचारत होते म्हणे, मग नाही कशाला म्हणालीस?" दोन एकर गहाण पडलेले असतात, सासूने देव पाण्यात ठेवलेले असतात, आणि ओटी भरायच्या कार्यक्रमाला तिला बोलवायचं की नाही यावर गल्लीत दोन मतं असतात. अशा बाईने त्या विचारणेला "नको" म्हणणं म्हणजे उद्याचा आरोप आजच आपल्या नावावर लिहून घेणं. म्हणून ती "करा" म्हणते. नवराही म्हणतो. हे लेझर गर्भाच्या आवरणासाठी केलेलं नसतं, उद्या "राहून गेलं" असं कुणी म्हणू नये यासाठी केलेलं असतं. असल्या होकाराला स्वायत्तता म्हणायला माझी तयारी नाही.

यावर उत्तर येतं, की मग तुम्हाला जुना हुकूम देणारा डॉक्टर परत हवा आहे. मुळीच नाही. माझा भेद इतकाच आहे : नुसतं विचारणं वेगळं आणि मत सांगून मग विचारणं वेगळं. "माझ्या मते तुम्हाला याची गरज नाही, कारण हे आणि हे. तरी तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणणाऱ्या डॉक्टरशी भांडता येतं. त्याचं कारण चुकीचं ठरवता येतं, ते कारण घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं. "तुमची इच्छा" म्हणणाऱ्याशी कशावरून भांडणार? त्याने मतच दिलेलं नाही. सल्ला देणारा चूक ठरू शकतो. नुसतं विचारणारा कधीच चूक ठरत नाही. पहिल्यात उद्धटपणाचा धोका आहे, कबूल. पण दुसऱ्यात सोयीस्कर सभ्यता आहे, आणि मला उद्धटपणा परवडला.

गंमत म्हणजे कायदाही माझ्याच बाजूचा आहे. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यावरची चर्चा वयाच्या मर्यादा आणि नोंदणीवरच संपते. पण केंद्रांच्या कर्तव्यांत यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि जुळ्यांसारखे धोके जोडप्याला समजावून सांगून, त्यांना हिताच्या निर्णयापर्यंत पोहोचायला मदत करणं हेही आहे. छापील फॉर्म पुढे सरकवून "इथे सही" म्हणणं म्हणजे मदत नव्हे. लेखी संमती घेतल्याने दवाखाना सुरक्षित होतो, बाई नाही.

माणसं अडाणी आहेत, त्यांना आकडे काय कळणार, हा आक्षेप मी मानत नाही. तुरीवर आणि सोयाबीनवर दरवर्षी पैसा लावणाऱ्या मुलखाला "शंभरात सहा वाढतील किंवा एक कमी होईल" हे वाक्य पदवीधरांपेक्षा लवकर कळेल. फक्त ते मराठीत, कानडीत, दखनीत कुणीतरी म्हणायला हवं, आणि तेही आदल्या दिवशी नव्हे, इंजेक्शनं सुरू होण्याआधी.

मागणी छोटी आहे. हॅचिंगच्या फॉर्मवर जोडप्याच्या सहीच्या वर दोन ओळी डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहाव्यात : या गर्भासाठी करावं की नाही, आणि का. खाली त्याची सही. तरीही जोडपं "करा" म्हणालं तर करावं. त्यांनी कुणाचं तरी मत ऐकून ते नाकारलेलं असेल. आणि गर्भ रुजला नाही, ती बाई वर्षभराने दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात फाइल घेऊन गेली, तर तिथला डॉक्टर "मागच्या वेळी लेझर का नाही केलं?" हे तिला विचारणार नाही. ज्याने तो कागद लिहिला त्याचं नाव त्यावर असेल.